अकरा ओंजळी

झुंबरबाईच्या ओंजळीएवढी ओंजळ सगळ्या बोरमाळात कुणाची नव्हती. चाळीस वर्षं ऊस तोडून तिचे पंजे असे रुंद झाले होते, की तिला बांगड्या भरायच्या म्हटलं की कासारीण आधी तेल मागायची. गावजेवणात तिला बुंदी वाढायला कुणी उभं करत नसे, कारण दुसरी पंगत बसायच्या आत पातेल्याचा तळ दिसायचा. "देवानं हात दिल्यात ते आखडायला न्हाई," असं म्हातारीचं म्हणणं. ते खरंही होतं. पण ह्याच हातांनी घरावर काय आणलं, ते सांगायचं आहे.

बोरमाळ तिसगावपासून दोन कोसांवर. वर डोंगर, खाली मुरमाड रान. बाजरी, तूर, थोडी कपाशी, आणि दिवाळी झाली की निम्मं गाव साखर कारखान्यांच्या वाटेला. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. झुंबरबाईचा नवरा उसाच्या फडातच गेला. मुलगा रामहरी फडाशेजारच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत जन्मला आणि कोपीतच वाढला. त्याची बायको ज्योती लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात कोयता झाली. नऊ वर्षं त्या दोघांनी तोडलं, बांधलं, डोक्यावर वाहिलं.

मग मुलगी निकिता शाळेत जायच्या वयाची झाली, आणि ज्योतीने एक दिवस दोन्ही कोयते गोठ्याच्या आढ्याला खोचून ठेवले.

"पोरगी कोपीत न्हाई जायाची," ती म्हणाली. "मी बी न्हाई."

त्या वेळी गोठ्यात दोन गाई होत्या. तीन वर्षांत त्यांच्या अकरा झाल्या. हरणी, चांदी, बिजली, मुकी, टिकलीची, आणि पुढच्या अशाच. काळ्यापांढऱ्या, मोठ्या कासेच्या, उन्हाला भिणाऱ्या. गाव म्हणायचं, बघू किती दिवस. श्रीमंत नावाचा ऊसतोडीचा मुकादम दर दसऱ्याला दारात गाडी उभी करून विचारायचा, "रामहरी, कोयता खाली काढायचा का?" आणि रामहरी काही बोलायच्या आत ज्योती आतून म्हणायची, "च्या घ्या आन् निगा."

घरातली कामं वाटलेली होती. तांबडं फुटायच्या आधी रामहरी शेण लोटायचा, मग चारा कापायच्या मशीनवर मका धरायचा. ज्योती कास धुवायची, धारेचं मशीन लावायची, आणि मशीन काढलं की शेवटची धार हाताने पिळायची, कारण कासेत दूध राहिलं की ती दगडी होते. आणि गाळणं झुंबरबाईचं. मागच्या दाराला पाण्याचा रांजण होता, त्याच्याशेजारी ओट्यावर ती कॅन मांडायची, तोंडाला उकळलेलं पांढरं फडकं बांधायची, बादल्या ओतायची, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची आणि झाकणं लावायची. तिथे ती कुणाला उभं राहू देत नसे. सुनेलाही नाही. "दूध गाळताना मान्सं दिसली की गाय पान्हा चोरती," असा तिचा कायदा होता. मग रामहरी चाळीस-चाळीस लिटरचे दोन कॅन मोटरसायकलला दोन्ही अंगांना अडकवून गावाच्या दूध संकलन केंद्रावर न्यायचा.

यंदा चैत्रात केंद्रावर नवं मशीन आलं. तोवर सचिव बजरंग दुधात पट्टी बुडवायचा, नाकाशी न्यायचा आणि मनाला येईल तसं लिहायचा. नवं मशीन मन बिन मानत नव्हतं. नळीने दूध ओढायचं आणि फॅट किती, एसएनएफ किती, लाल अक्षरांत सांगायचं. एसएनएफ म्हणजे दुधाचं घट्टपण. साडेआठ असला तर पहिल्या प्रतीचं दूध. त्याच्या खाली दुसऱ्या प्रतीचं. आठ पॉइंट तीनच्याही खाली गेलं तर परत, आणि तीनदा परत आलं की दूध घालायचं कार्डच बंद. हे फर्मान वरून आलं होतं. बजरंगाने ते भिंतीला चिकटवलं आणि वर आपली उदबत्ती लावली.

सगळ्या गावाचंच दूध दुसऱ्या प्रतीत गेलं. ज्योतीचं तर आठ पॉइंट तीनवर येऊन काठावर डुगडुगायला लागलं.

"उनामुळं आसंल," बजरंग म्हणाला.

ऊन होतंच. वैशाखात गोठ्याचे पत्रे असे तापले की खाली उभं राहिलं तरी टाळू भाजायची. गाई जिभा बाहेर काढून धापा टाकायच्या. ज्योतीने पत्र्यावर उसाचं पाचट टाकलं, बाजूंनी पोती बांधली आणि दर तासाला ती पोती भिजवली. चारा संपला तेव्हा खड्ड्यात मुरवून ठेवलेल्या मक्याचा मुरघास काढला. त्याचा आंबूस वास तिच्या केसांना लागायचा आणि रामहरी चेष्टेने म्हणायचा, "आज गाईनं वळखलं न्हाई तर मी वळखीन." आषाढात हिरवं आलं. लसूणघास गुडघ्याला लागला. गोठ्यात चिखल झाला, गोचीड झाले, गाईंच्या खुरांत जखमा झाल्या, त्यात औषध भरताना बिजलीने लाथ मारली आणि ज्योतीची मांडी पंधरा दिवस काळीनिळी होती. तिने क्षारांचं मिश्रण आणलं, सरकीची ढेप बदलली, डॉक्टरला विचारलं, डॉक्टरने मान हलवली आणि दुसरी ढेप सांगितली.

आकडा काही चढेना.

गणपती बसले त्या आठवड्यात दूध पहिल्यांदा परत आलं. आठ पॉइंट दोन. रामहरी दोन्ही कॅन तसेच भरलेले घेऊन दारात आला तेव्हा त्याची मान खाली होती. सत्त्याहत्तर लिटर दूध. ज्योतीने चुलवण पेटवलं, मोठी कढई चढवली आणि खवा आटवायला बसली. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीचा धूर डोळ्यांत जात होता. उलथणं एक क्षण थांबवलं तर तळाला लागतं, म्हणून ती दुपारपर्यंत हलवत राहिली. खांदा निखळतो की काय असं झालं तेव्हा झुंबरबाईने तिच्या हातातून उलथणं घेतलं.

"त्या बजरंग्याचं मशीनच खोटं हाय," म्हातारी म्हणाली.

"आत्या, मशीन खोटं कसं आसंल?"

"त्याचा बा बी खोटा हुता."

आठच दिवसांनी दूध दुसऱ्यांदा परत आलं. ह्या वेळी केंद्रावर रांगेतला कुणीतरी हसून म्हणाला, "रामहरी, आमच्या हिरीला पानी न्हाई, तुझ्या कॅनाला बरं हाय." रामहरीने कॅन तिथेच टाकून घरी येऊन हे सांगायला नको होतं. पण सांगितलं. झुंबरबाईने डोक्यावरचा पदर कंबरेला खोचला आणि चालत केंद्र गाठलं.

रांग अजून मोडली नव्हती. तिने आपल्या घरचा परत निघालेला कॅन बघितला, त्याच्या झाकणावर आपला तो भला थोरला पंजा ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माज्या घरातल्या कुनी मान्सानं ह्या दुधात पानी घातलं आसंल, तर त्याचं हात झडत्याल! आयका समदी!"

समद्यांनी ऐकलं. रांगेतल्या दोनचार म्हाताऱ्यांनी कपाळाला हात लावला. अशी शपथ गावात कुणी हलक्याने घेत नाही.

ज्योतीला शपथेने बरं वाटलं नाही. शपथ आकड्याला कळत नाही. तिने त्या संध्याकाळी नवऱ्याला गोठ्यात गाठलं.

"आवं, खरं सांगा. वाटंत थांबता कुटं? कुनी कॅन उघडतं?"

"तू माज्यावर घेती व्हय?" रामहरीचा आवाज चढला. "धार तू काढती. बादली तू धुती. बादलीतलं पानी नितळून घेती का, ते बघ आदी."

दोघं दोन दिवस एकमेकांशी बोलली नाहीत. गाईंशी बोलत होती, आणि एकमेकांना सांगायचं ते गाईंना सांगत होती. "हरणे, मालकाला म्हनावं घास संपलाय."

शेवटी ज्योतीच बजरंगकडे गेली. "भाऊ, तुमी गोठ्यात या. माज्या डोळ्यांम्होरं, कासंखालनं दूध घ्या. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

बजरंग आला. भल्या सकाळी आला, अंघोळ करून आला, बाटल्या घेऊन आला. अकराही गाईंची धार त्याच्यासमोर निघाली. प्रत्येक बादलीतून त्याने नमुना घेतला, आणि झुंबरबाई फडकं घेऊन पुढे आली तेव्हा त्याने हात आडवा केला. "मावशी, गाळायचं नगं. आज कॅन बी मीच बंद करनार." सगळं दूध त्याने तिथल्या तिथे कॅनात ओतलं, झाकणं ठोकली आणि स्वतः मोटरसायकलवर घेऊन गेला. म्हातारी रांजणापाशी उभी राहून बघत होती. तिचा चेहरा उतरला होता, पण ज्योतीला वाटलं, हा अपमानच आहे, उतरणारच.

तासाभरात बजरंगाचा फोन आला. आठ पॉइंट पाच. पहिली प्रत.

ज्योतीने फोन ठेवला आणि हरणीच्या गळ्याला मिठी मारली. रामहरी दोन दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडे बघून हसला. चुलीवर शिरा झाला. दुपार अशी गेली.

संध्याकाळचं दूध नेहमीसारखं गेलं. धार ज्योतीने काढली, गाळलं म्हातारीने, नेलं रामहरीने. मशीनने आकडा दाखवला आठ पॉइंट शून्य. इतका खाली तो कधीच गेला नव्हता.

बजरंग आता चिडला नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. तो रामहरीला बाजूला घेऊन हळू म्हणाला, "गाईंचं काय न्हाई रं. गाईंचं सकाळीच कळलं. पानी घरातच पडतंय. तिसऱ्यांदा झालं. माज्या हातात काय ऱ्हायलं न्हाई." आणि त्याने कार्डावर शिक्का मारला.

गाई सोवळ्या ठरल्या आणि घर ओवळं ठरलं. ज्योतीने मागून घेतलेल्या परीक्षेनेच तिला चोर ठरवलं. ती त्या दिवशी ओट्यावर बसून रडली, मोठ्याने, पदराचा बोळा तोंडात न कोंबता रडली. तीन वर्षं पहाटे उठून जे मिळवलं, त्याला 'पाणीवाले' हे नाव पडलं, हे तिला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी श्रीमंत मुकादम हजर. दसऱ्याला अजून अवकाश होता, पण दूध नासल्याचा वास त्याला आधी आला. पांढरे कपडे, मनगटाला जाड कडं.

"रामहरी, दिवाळीच्या पाडव्याला ट्रॅक्टर निगत्यात. एक कोयता कमी हाय मला. उचलीचं पैसं आजच देतो."

रामहरीने ज्योतीकडे बघितलं. दर वर्षी ती आतून ओरडायची. यंदा ती गप्प होती. मुकादमाने ती गप्प आहे हे हेरलं आणि आढ्याकडे नजर टाकली. "गंज चढलाय. पाजळून घ्या," तो म्हणाला आणि गेला.

पितृपक्ष चालू होता. घराघरांत पितरांना खीर लागते, आणि ज्योतीच्या घरी दूध पडून आहे हे साऱ्या गावाला ठाऊक. सकाळपासून बाया तांबे घेऊन येत होत्या. शेजारची मनकर्णा म्हातारी आली. झुंबरबाईने तिच्या तांब्यात दूध ओतलं, मग रांजणात हात बुडवला, चुळकाभर पाणी घेतलं आणि पुटपुटत तांब्यात सोडलं. मनकर्णाने ते बघितलं आणि काही झालंच नाही अशी तांबा घेऊन चालू लागली.

ज्योती दारात शेणाची पाटी घेऊन उभी होती. तिच्या हातातली पाटी तशीच राहिली.

"आत्या, ह्ये काय केलं?"

"काय केलं?"

"दुधात पानी घातलं तुमी."

"हॅत्! त्याला पानी म्हनत्यात व्हय?" झुंबरबाईला खरोखरच नवल वाटलं. "ती राखन हाय. निव्वळ दूध उंबऱ्याभाईर दिऊ न्हाई. दुसऱ्याच्या चुलीवर उतू गेलं, करपलं, तर गाईची कास जळती. तुज्या आईनं शिकवलं न्हाई?"

शिकवलं होतं. ज्योतीची आईही शेजारणीला दूध देताना बोटाने एक थेंब पाणी सोडायची. एक थेंब. ज्योतीने सासूच्या ओल्या पंजाकडे बघितलं.

"आत्या," तिने सावकाश विचारलं, "डेअरीच्या दुधात बी टाकता?"

"मंग! तितनं तर कुटं कुटं जातंय, कुनाकुनाच्या चुलीवर चढतंय. तितं थेंबानं काय व्हनार? गाईगनिक एक वंजळ. हरणीची, चांदीची, बिजलीची... अकरा गाई, अकरा वंजळी. परवा त्या बजरंग्यानं सकाळी टाकू दिली न्हाई. जीव नुसता टांगनीला लागला माजा. सांजच्याला दुप्पट टाकली."

ज्योतीने शेणाची पाटी खाली ठेवली. आत जाऊन रिकामी बादली आणि लिटरचं माप आणलं आणि सासूसमोर ठेवलं. 

"टाका. माज्या म्होरं टाका. अकरा."

म्हातारीने सुनेकडे बघितलं. मग रांजणात दोन्ही हात घातले, भरले आणि बादलीत सोडले. "हरणी." पुन्हा. "चांदी." पुन्हा. अकरावी ओंजळ पडली तेव्हा ज्योतीने बादली मापात ओतली. एकदा भरलं. दुसऱ्यांदा भरलं. तरीही तळाला उरलंच.

"दोन लिटरच्या वर हाय, आत्या. रोज सकाळी. रोज सांजच्याला."

झुंबरबाई मापाकडे बघत राहिली. मग तिने हात उचलून उलटसुलट करून बघितले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. आणि मग तिला शपथ आठवली. ज्योतीलाही तेव्हाच आठवली. म्हातारीने दोन्ही हात पदराखाली घेतले.

खरं तर ज्योतीला खूप बोलायचं होतं. तोंडावर आलंही होतं, की तुमच्या राखणीपायी माझी पोरगी कोपीत जाईल. पण सासूचं तोंड बघून ते गिळावं लागलं. झुंबरबाईने मग सांगितलं. फडावर असताना तिच्याकडे एक गाय होती, पहिली हरणी. शेजारच्या कोपीत बाळंतीण होती. घाईत निव्वळ दूध दिलं. तिसऱ्या दिवशी गाईची कास दगडी झाली, सडातून रक्त आलं, आणि गाय कसायाला द्यावी लागली. त्यानंतर एकदाही तिने राखण चुकवली नव्हती.

"आत्या, दगडी कशानं झाली आसंल? उसाच्या फडात चिखलात बसायची ती. कास कुनी धुतली का कवा?"

 त्या दिवशी म्हातारी जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही सकाळी नुसता चहा घेतला. दुपारी रामहरी जेवायला बसला. त्याने सवयीने तांब्यातलं पाणी हातावर घेतलं आणि ताटाभोवती फिरवलं. समोर बसलेली झुंबरबाई एकाएकी पुढे सरकली.

"रामहरी, ह्ये पानी ताटात का टाकत न्हाईस?"

"ताटात कशाला? भाकर भिजंल की."

"मंग भवतीनं फिरवून पावतं का रं देवाला?"

"न पावाया काय झालं? बा बी आसंच फिरवायचा."

म्हातारीने मांडीवर थाप मारली. दोन दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत जीव आला. "आगं ज्योते! आपुन काय येडी का खुळी! ताटाभवती फिरवायचं, ताटात न्हाई. कॅनाभवती फिरवायचं, कॅनात न्हाई!" आणि तिने भाकरी मागितली. अडीच खाल्ल्या.

त्या संध्याकाळी ती पुन्हा केंद्रावर गेली. ज्योती म्हणाली, मी बजरंगला सांगते, तुम्ही कशाला? म्हातारी म्हणाली, "शपत चौकात घेतली. तोंड घरात लपवू?" ज्योती तिच्यामागे चालत गेली. कार्ड बंद असलं तरी रामहरी कॅन घेऊन पुढे गेला.

रांग होती. वीस-पंचवीस माणसं, कॅन, किटल्या. झुंबरबाई मशीनच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली आणि दोन्ही पंजे वर केले.

"पानी माज्याच हातांनी पडलं," ती म्हणाली. "चोरी म्हनून न्हाई. राखन म्हनून. गाईगनिक वंजळ. माजी वंजळ केवडी, ती बगा. शपत बी मीच घेतली. हात आजून झडलं न्हाईत, पर लाजलं हायत. काय म्हनायचं ते मला म्हना. माज्या सुनंला कुनी पानीवाली म्हनलं, तर मंग ह्येच हात वापरीन."

कुणी हसलं नाही. जे कुणी त्या दिवशी हसलं होतं ते तर अजिबात नाही. मग रांगेतून मनकर्णा म्हातारीचा बारीक आवाज आला.

"आगं झुंबरे... मंग मी तरी काय निराळं करती? मी बी टाकती की."

"आमच्यात आई टाकती," एक तरणा माणूस कॅनाकडे बघत म्हणाला.

"आमची बी थोडं टाकती. थोडंच."

एकेक करून माना खाली जाऊ लागल्या. बजरंगाने पेन ठेवलं आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. "म्हंजी मी चैतापासनं ह्या मशीनची पूजा करतोय, वर चिठ्ठ्या लिवतोय, कारागीर बलिवतोय... आन् सगळा गाव राखन घालतोय!"

आता मात्र हसू फुटलं. आधी बजरंगलाच फुटलं, मग रांगेला, मग झुंबरबाईला. तिने कॅनाभोवती पाणी कसं फिरवायचं ते तिथल्या तिथे करून दाखवलं, आणि म्हाताऱ्यांनी ते मान हलवत मान्य केलं, कारण झुंबरबाईनेच सांगितलं होतं. बजरंगाने हजार कागद चिकटवले असते तरी मानलं नसतं.

"पर मावशी," बजरंग डोळे पुसत म्हणाला, "मशीन कबुली आयकत न्हाई. आठ दिस रोज कॅनातला नमुना घीन, दूध घरी परत. तवर कार्ड बंदच."

"घे," झुंबरबाई म्हणाली.

पहिल्या सकाळी तिने दूध गाळलं, झाकणं लावली, तांब्यात पाणी घेतलं आणि प्रत्येक गाईचं नाव घेत कॅनांभोवती अकरा फेऱ्या मारल्या. ह्या वेळी तिने ज्योतीला बाजूला उभं राहू दिलं. कॅन गेले तशी ती गोठ्यात गेली आणि अकराही गाईंच्या कासा हाताने चाचपून बघितल्या. मऊ होत्या. दुपारी पुन्हा बघितल्या. चार दिवस बघितल्या. पाचव्या दिवशी विसरली.

आकडा साडेआठवरून खाली आला नाही. आठव्या दिवशी कार्ड सुटलं. थंडी पडू लागली, घासाला गोडी आली, मका दाण्यावर आला, हरणी गाभण राहिली. वसुबारसेला केंद्रावरच्या फळ्यावर बजरंगाने खडूने लिहिलं: ह्या महिन्यात सर्वांत घट्ट दूध, ज्योती रामहरी, आठ पॉइंट सात. आणि त्याच्याखाली मोठ्या अक्षरांत: बोरमाळ केंद्र, पहिली प्रत. निकिताने ते फळ्यासमोर उभं राहून मोठ्याने दोनदा वाचलं. आजीला वाचता येत नव्हतं, म्हणून तिसऱ्यांदा वाचलं. ज्योतीने त्या दिवशी गाईंना पुरणाचा घास भरवला तेव्हा तिला पुन्हा रडू आलं. पण आता ते तिला आवडलं.

पाडव्याच्या सकाळी ट्रॅक्टर निघाले. भांडी, बाजली, कोंबड्या, पोरं, सगळं ट्रॉल्यांत रचलेलं. श्रीमंत मुकादम जाता जाता दारात थांबलाच. सवय म्हणून थांबला, का एक कोयता अजूनही कमी होता म्हणून, देव जाणे. आढ्याकडे बघायला त्याने मान वर केली. तिथे कोयते नव्हते. रामहरीने तिसगावच्या लोहाराकडून त्यांचे दोन विळे करून आणले होते, आणि त्यातल्या एकाने ज्योती घास कापत होती.

"बरं हाय तुमचं," मुकादम म्हणाला. "काकू, वाटंला लागलोय. दूध तरी पाजा."

"पाजती की."

झुंबरबाईने ताजं दूध पेल्यात काठोकाठ ओतलं. वर फेस आला. मुकादमाने हात पुढे केला आणि मिशीत हसत विचारलं, "निव्वळ हाय न्हवं? का वंजळ टाकली?"

घास कापायचा ज्योतीचा हात थांबला. म्हातारीने पेला मागे घेतला. शांतपणे रांजणात एक बोट बुडवलं, पेल्यावर धरलं आणि एकच थेंब टिपकवला.

"डेअरीला निव्वळ जातंय, श्रीमंता," ती म्हणाली. "पर तुजी नजर लई वाईट. तीन वर्सं माज्या सुनंच्या कोयत्यावर हुती."

ज्योती घासाच्या भाऱ्यावर बसून पोट धरून हसली. मुकादमाने दूध प्यायलं, पेला पालथा ठेवला, आणि एक कोयता कमी घेऊन निघून गेला.